नवाबाच्या दारी कोण आलं होतं

१

"ज्या दिवशी माणूस मुक्या जनावराच्या डोळ्यांतलं पाणी पुसेल, त्या दिवशी कलियुग संपून सत्ययुगाला आरंभ होईल!"

भूतदया मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब गद्रे यांनी हे वाक्य उच्चारलं ते खाडीपलीकडच्या भाटे गावाच्या वर, तळेकोंडच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, मंडळाच्या आश्रमाचं उद्घाटन करताना. सत्ययुगाला त्या दिवशी आरंभ झाला नाही, याची दोन कारणं सांगता येतील. रावसाहेबांना वर घेऊन येणाऱ्या गाडीचा बैल चढावर गुडघे टेकून बसला होता आणि गाडीवानानं त्याला शेपटी पिरगळून उठवलं होतं. रावसाहेब त्या वेळी गाडीत बसून हेच वाक्य पाठ करत होते. आणि वाक्य संपेपर्यंत मंडळानंच सोडवून आणलेल्या बकरीनं टेबलावरचा अध्यक्षांचा हार सुतळीसकट खाल्ला. मी मंडळाचा चिटणीस. इतिवृत्तात मी "हार अर्पण करण्यात आला" असं लिहिलं. कुणाला, ते लिहिलं नाही.

आश्रमात तेव्हा टांग्याचा एक आंधळा घोडा, मानेला जू घासून खांदे सोललेले दोन बैल, पंख मोडलेला बगळा आणि ही बकरी एवढे आश्रित होते. पुढच्या कार्तिकात नवाब आला.

नवाब म्हणजे अस्वल. रहिमान नावाचा दरवेशी त्याच्या नाकात वेसण घालून त्याला गावोगाव नाचवत फिरे. लांज्याच्या बाजारात रावसाहेबांनी तो खेळ पाहिला, खटला केला, आणि कोर्टानं अस्वल मंडळाच्या स्वाधीन केलं. "अस्वल, नर, एक, वृद्ध, दात काढलेले, नाकास जुनी जखम, धाप लागते" अशी नोंद मी केली. दरवेशाचा डमरू जप्त होऊन आला, तो माझ्या कपाटात कुलपात राहिला. मंडळानं ठराव करून अस्वलाचं नाव 'मुक्तानंद' ठेवलं. अस्वलानं ठरावाची दखल घेतली नाही. नवाब म्हटलं तरच तो कान हलवी.

आश्रमाची राखण रावजीकडे. तळेकोंडातलाच, मुंबईची गिरणी खोकल्यापायी सोडून परत आलेला. तो आणि त्याची बायको जनी आवारातच राहत. वेसण काढल्यावर नवाबाची जखम चिघळली आणि त्यानं अन्न टाकलं. माणूस समोर उभा राहिला की तो दोन पायांवर उभा राही आणि डोलू लागे; त्याच्या हिशेबी माणूस दुसऱ्या कशासाठी येतच नसे. रावजीनं मग समोर जाणं सोडलं. गोठ्यात शिरून नवाबाकडे पाठ करून तो रोज बसे, मागे हात करून नाचणीची भाकरी गुळाबरोबर धरून ठेवी आणि मुंबईतल्या गोष्टी सांगे. दीड महिना भाकरी तशीच परत यायची. मग पौषात एका दुपारी नवाब सावकाश आला, रावजीच्या पाठीला पाठ लावून बसला आणि त्यानं भाकरी खाल्ली. रावजी म्हणाला, मी तासभर हललो नाही. खोकला आला तोसुद्धा गिळला.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हाच रावजी तरीनं खाडी ओलांडून माझ्या दारात येऊन उभा राहिला. अंगावरचा गुलाल तसाच होता आणि त्यातून डोळ्यांखाली दोन ओघळ उतरले होते.

"भाऊसाहेब, नवाबाला मारलान."

"कोणी?"

"त्या दरवेशानं. आणखी कोण मारणार?"

२

मी, रावसाहेब आणि फौजदार वर पोचलो, तेव्हा तळेकोंडची सगळी वाडी कुंपणाबाहेर उभी होती.

नवाब गोठ्याच्या गजांपाशी पालथा पडला होता. पुढचे दोन्ही पंजे डोक्यापुढे लांब केलेले, तोंड जमिनीला. अंगावर जखम नव्हती. मानेवरचे केस मात्र जागोजाग कापलेले होते. जवळ अर्धा नारळ आणि गुळाचा खडा. बाजूला द्रोणात चार भाकऱ्या, अख्ख्या, मुंग्या लागलेल्या. गोठ्यातली माती एका जागी चक्राकार तुडवली गेली होती, इतकी की खाली जांभ्याचा खडक दिसत होता.

ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी नवाबाला उलटवलं, पाहिलं आणि विषाचं मुंबईला तपासल्याशिवाय सांगता येणार नाही असं जाहीर केलं. मग इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून माझ्या हाती दिली. ती मी खिशात घातली.

रावसाहेबांनी नारळ आणि गूळ हा मुख्य पुरावा असल्याचं ओळखलं आणि तो फडक्यात बांधून, लाखेची मोहोर लावून खुंटीला टांगला.

संशयित दोघे निघाले. वाडीतला सखाराम शिकारी हा पहिला. अस्वलाची चरबी संधिवातावर चालते, म्हणून म्हातारं अस्वल मेल्यावर आपल्याला सांगा, असं तो रावजीला नवाब आल्यापासून सुचवत होता. फौजदारानं विचारल्यावर त्यानं ते नाकारलं नाही. "मागितली खरी. पण मेल्यावर, असं म्हटलं होतं. मारा असं नाय म्हटलं," तो म्हणाला. शिवाय शिमग्यात ग्रामदेवीच्या पालखीचा एक खांदा त्याच्याकडे असतो. त्यामुळे आदल्या दिवशी त्याला लघवीलाही उसंत नव्हती, हे वाडीनं एकमुखानं सांगितलं.

दुसरा रहिमान. आदल्या दुपारी तरीवाल्यानं त्याला भाट्याला उतरवलं होतं. तळेकोंडच्या वाटेला लागताना लोकांनी पाहिलं होतं. रात्री तो भाट्याला एका पडवीत निजला. कोर्टातून बाहेर पडताना तो "माझा नवाब माझ्यावाचून मरेल" असं म्हणाला होता, ते रावसाहेबांनी स्वतः ऐकलं होतं. तेव्हा ते रडणं वाटलं होतं. आता धमकी वाटली.

फौजदारानं रावजीची फिर्याद घेतली, रहिमानला चावडीत बसवलं आणि सोमवारी कोर्टापुढे उभा करतो म्हणून सांगितलं. तो दिवस शुक्रवार होता.

सगळं सरळ होतं. फक्त मंडळाच्या दफ्तरात "मृत्यूचे कारण" असा एक रकाना असतो आणि तो मला भरायचा होता. घरी येऊन मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. त्यात मृत्यू पहाटेच्या सुमारास, हृदय थकून झाला असावा, असं होतं, आणि खाली एक ओळ होती: "पायांचे तळवे सोलून रक्ताळले आहेत. याचा अर्थ मला लागत नाही."

मलाही लागला नाही. म्हणून मी शेजारच्या भिकाजी मयेकरांच्या पायरीवर जाऊन बसलो.

३

भिकाजी मयेकर हे कोर्टाचे निवृत्त बेलीफ. तीस वर्षं त्यांनी जिल्हाभर समन्स पोचवले. या काळात त्यांना कुणी घरात या म्हटलं नाही, त्यामुळे त्यांचा सगळा अनुभव उंबऱ्याबाहेरचा. आजही कुणाकडे गेले की पायरीवर बसतात आणि आधी उंबरा बघतात, मग माणूस.

चिठ्ठी वाचून त्यांनी छत्री उचलली. आम्ही चावडीवर गेलो.

रहिमान कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. वाळून गेलेला माणूस. भिकाजींनी विचारलं तेवढ्याचीच उत्तरं त्यानं दिली. हो, भाट्याला आलो होतो. हो, नवाबाला बघायलाच. दोनदा आधीही आलो होतो, लांबून बघून गेलो. तो त्या रावजीच्या पाठीला टेकून बसलेला दिसला. वीस वर्षांत तो माझ्या पाठीला टेकला नाही. काल मात्र वर गेलो नाही. अर्ध्या चढावरून परत फिरलो.

"का फिरलास?"

रहिमाननं मान वर केली.

"साहेब, त्याच्या तळव्यांचं रक्त पुसलं का कुणी?"

फौजदारांच्या कानावर तळव्यांचं मी नुकतंच घातलं होतं; ते उठून उभे राहिले. तळव्यांची गोष्ट फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीत होती आणि चिठ्ठी माझ्या खिशात होती.

४

"आता काय राहिलं?" फौजदार बाहेर येऊन म्हणाले. "गुन्हेगारानं स्वतः सांगितलं."

"गुन्हेगार असता तर रक्त पुसलं का असं विचारलं नसतं," भिकाजी म्हणाले. "मला सोमवारपर्यंत वेळ आहे ना?"

शनिवारी सकाळी आम्ही तळेकोंडात. नवाबाला आवारातच, काजूच्या झाडाखाली पुरलं होतं. रावजी त्या मातीपाशी बसला होता. पाठ करून.

भिकाजींनी घरोघर फिरून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: शिमग्याच्या दिवशी आश्रमाच्या आवारात कोण आलं होतं? आणि वाडीनं एकच उत्तर दिलं.

"कुणी नाय."

सखाराम म्हणाला कुणी नाय. पलीकडच्या घरची काशी म्हणाली कुणी नाय. रावजी म्हणाला, कुणी माणूस फिरकला नाय, म्हणून तर दरवेशी चोरून आला असणार. जनी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिनं मान न वळवता सांगितलं, कुणी आला नाय वो, दादा.

भिकाजी रावजीच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी उंबरा पाहिला. मग उठून नवाबाच्या गोठ्यापाशी गेले आणि गजांपुढची जमीन पाहिली. शेणानं सारवलेली होती, आणि गर्दीच्या पायांनी पुसलेली असली तरी रांगोळीची एक वेल अजून दिसत होती. तिच्यात गुलाल मिसळला होता. सणात गुलाल कुठं नसतो, म्हणून आम्ही कुणी त्याकडे पाहिलं नव्हतं.

"चिटणीस, घराच्या दारात रांगोळी नाही," ते म्हणाले. "सणाच्या दिवशी बाई आपलं दार सोडून अस्वलाच्या दारात रांगोळी का घालील?"

मी म्हटलं, माया असेल.

"मायेनं भाकरी घालतात," भिकाजी म्हणाले.

इतक्यात आत काहीतरी पडलं. बकरीनं खुंटीवरचं फडकं खाली ओढलं होतं. आम्ही पोचेतो रावसाहेबांची लाख, गूळ आणि खोबरं असा सगळा पुरावा तिच्या पोटात गेला होता. उरली होती फक्त करवंटी. मी डोक्याला हात लावला. भिकाजी मात्र दगडावर बसले, घड्याळ काढून ठेवलं आणि तासभर त्या बकरीकडे बघत राहिले. तासानंतर बकरी उठली आणि त्यांच्या छत्रीचं टोक चघळू लागली.

"विष नाही," भिकाजी म्हणाले. "मुंबईला पाठवायला नको."

निघताना काशीचा तान्हा मुलगा अंगणात रांगत होता. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला नवाकोरा ताईत. शेजारच्या पोरीच्या गळ्यातही तसाच, तिसऱ्या घरीही. भिकाजी वाकले.

"यात काय घातलंय गं, काशी?"

"नवाबाचा केस. पोरगं झोपेत दचकता ना."

"कापून कुणी दिला?"

काशीनं आमच्याकडे, शहरातून आलेल्या अडाणी माणसांकडे बघावं तसं बघितलं.

"कुणी कशाला देईल? देवीनं दिलान."

५

परतताना तरीतून उतरल्यावर भिकाजी बोलले.

"चिटणीस, मी दारात उभा राहिलो की आतून काय ऐकू यायचं, माहीत आहे? 'घरात कुणी नाही.' तीस वर्षं ऐकलं. आधी वाटायचं लोक खोटं बोलतात. पण तसं नसतं. एकदा एका घरात पाच माणसं होती. आंधळी आजी, बाळंतीण, दोन पोरं आणि दारात उभी राहून कुणी नाही म्हणणारी बाई स्वतः. ती खोटं बोलत नव्हती. तिनं मोजलं नव्हतं, इतकंच. लोक कुणाला मोजत नाहीत, ते कळलं की बेलिफाचं काम झालं."

"मग तळेकोंडात कुणाला मोजलं नाही?"

त्यांनी छत्री चावडीच्या दिशेनं केली. आम्ही सरळ चावडीवर गेलो. या वेळी भिकाजी रहिमानच्या शेजारी जमिनीवर बसले.

"तू अर्ध्या चढावर असताना वरून काय ऐकू आलं?"

रहिमाननं दोन्ही हात कानांवर नेले. मला वाटतं, त्या दिवशी चढावरही त्यानं हेच केलं असणार.

"ढोल," तो म्हणाला.

मग त्यानं आपण होऊन सांगितलं. ते मी दफ्तरात लिहिलं नाही, इथं लिहितो. अस्वलाचं पिल्लू आईपासून तोडून आणतात. खाली पत्रा तापवतात, पिल्लाला त्यावर उभं करतात आणि वर वाद्य वाजवतात. पिल्लू पाय उचलतं, एक ठेवतं, दुसरा उचलतं. लोकांना तो नाच वाटतो. महिन्याभरानं पत्रा लागत नाही. वाद्य वाजलं की पाय आपोआप उचलतात. आणि वाद्य वाजतंय तोवर थांबत नाही, कारण थांबलं की चटका बसतो असं त्याला आयुष्यभर वाटतं.

"मी थोडं वाजवून बंद करायचो, साहेब. म्हातारा झाला होता, धाप लागायची. मला माहीत होतं किती वाजवायचं. त्यांना कुठं माहीत? ढोल थांबेना. मी आता थांबेल, आत्ता थांबेल म्हणत बसलो. वर जाऊन सांगायचं धाडस झालं नाही. मला आवारात पाय ठेवायची बंदी होती. कोर्टाची."

"किती वेळ वाजत होता?"

"सूर्य खाडीवर टेकेपर्यंत."

मी विचारलं, मग हे फौजदाराला का सांगितलं नाहीस.

"सांगून काय होणार? पत्रा मीच तापवला होता ना."

६

रविवारी सकाळी भिकाजींनी सगळ्यांना आश्रमात बोलावलं. रावसाहेब आणि फौजदार खुर्च्यांवर बसले, रहिमान शिपायाजवळ. रावजी, जनी आणि सखाराम गोठ्याच्या जोत्याशी. वाडी कुंपणाबाहेर. भिकाजी गोठ्याच्या उंबऱ्यावर.

"विष नाही," त्यांनी सुरुवात केली. "साक्षीदार समोर आहे." बकरी समोर होती. "तळवे सोललेत, माती वर्तुळात तुडवली आहे. म्हणजे नवाब नाचला, आणि पुष्कळ नाचला. दरवेशाचा डमरू चिटणीसांच्या कपाटात आहे. तेव्हा वाद्य दुसरं कुणाचं तरी. गजांपुढे रांगोळी होती, घराच्या दारात नव्हती. म्हणजे शिमग्यात दारोदार फिरणारी, जिच्यासाठी रांगोळी घालतात ती नवाबाच्या दारी आली. नारळ अर्धाच होता. पालखीपुढे नारळ फुटला की अर्धा देवीचा, अर्धा ज्याचं घर त्याचा. घर नवाबाचं. रावजी, शिमग्याच्या दिवशी पालखी इथं आली होती ना?"

रावजी गोंधळला. "हो. आली होती की."

फौजदार उसळले. "आणि तू म्हणालास कुणी आलं नाही!"

"तुमी विचारलंत, कोण आलं होतं. देवी काय माणूस हाय?" रावजी म्हणाला. "तिचीच जागा ही, नि आमी तिचेच. ती आली म्हणतात काय?"

मग त्यानं सगळं सांगितलं, आनंदाची गोष्ट सांगावी तसं. नवाब अन्न खाईना तेव्हा तो ग्रामदेवीला नवस बोलला होता: याच्या तोंडात घास गेला की शिमग्याला तुझी पालखी याच्या दारात आणीन. रावसाहेबांना नवसाचा राग, म्हणून आम्हाला सांगितलं नव्हतं. पालखी आली. ढोल वाजले. आणि नवाब, जो पौषापासून कुणापुढे उभा राहिला नव्हता, तो गजांपाशी येऊन दोन पायांवर उभा राहिला आणि देवीपुढे डोलू लागला.

"अंगात आलं त्याच्या," सखाराम म्हणाला. "वारं आलं. आमी सगळ्यांनी बघितलं."

आमच्याकडे एखाद्याच्या अंगात वारं आलं की वाद्य थांबवायचं नसतं. मध्येच थांबवलं तर त्या जिवाला त्रास होतो, असं मानतात. म्हणून ढोल थांबला नाही. एक ढोलकरी दमला की दुसऱ्यानं गळ्यात घेतला. नवाब नाचतो म्हणून हे वाजवत होते आणि हे वाजवतात म्हणून नवाब नाचत होता. दोन्हीकडून कुणी थांबायला तयार नव्हतं. एकीकडे भक्ती होती, दुसरीकडे तापलेला पत्रा.

"शेवटी त्यानं देवीला साष्टांग घातलान," रावजी म्हणाला. "पुढचे हात जोडून. तेव्हा ढोल थांबला. बायकांनी त्याच्या पाया पडून केस घेतले पोरांसाठी. एवढा मान कुणाच्या दाराला नाय मिळाला कधी. मी खांदा दिला नि पालखीबरोबर गेलो."

भिकाजींनी रहिमानला खूण केली. त्यानं पत्र्याची गोष्ट सांगितली, खाली बघून, थोडक्यात. सांगून झाल्यावर तो रावजीकडे वळला आणि म्हणाला, "भाई, तुझी चूक नाही."

रावजीला ते उशिरा समजलं. समजत गेलं ते चेहऱ्यावर दिसत होतं, भरती चढत गेल्यासारखं. त्यानं जनीकडे पाहिलं.

जनी हळू आवाजात म्हणाली, "दिवेलागणीला मी भाकऱ्या घेऊन आले. तो तसाच पालथा होता. म्हटलं, देवीपुढं पडलाय, उठवायचा कसा? द्रोण ठेवून गेले."

रावसाहेबांचा कंठ मोकळा झाला. ते उभे राहिले आणि "अज्ञान! अंधश्रद्धा!" एवढं म्हणाले. भिकाजींनी छत्रीनं त्यांची खुर्ची पुढे ओढली, आणि ते खाली बसले.

"बेलीफदादा," रावजीनं विचारलं, "जनी आली तेव्हा तो जिवंत होता काय?"

माझा हात खिशावर गेला. डॉक्टरांची चिठ्ठी तिथं होती. पहाटेच्या सुमारास, असं तिच्यात लिहिलं होतं.

तीस वर्षं भिकाजींनी कुणाच्या दारात खोटं सांगितलं नव्हतं. ते जमिनीकडे, रांगोळीच्या पुसट वेलीकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "नमस्कार घातला तेव्हाच गेला होता. जनीला काही करता आलं नसतं."

मी चिठ्ठी खिशातल्या खिशात बारीक फाडली. दफ्तरात ती सापडणार नाही, कुणी शोधू नये.

रावजी उठला, फौजदारापुढे जाऊन उभा राहिला. "माझी फिर्याद परत द्या. दरवेशानं नाय मारलान." पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. फौजदार बरा माणूस निघाला. त्यानं ते बाहेर पडायच्या आत कागद पुढे केला आणि अंगठा कुठं करायचा ते दाखवलं.

सुटलेला रहिमान लगेच गेला नाही. काजूखाली मातीच्या ढिगाशी जाऊन बसला, रावजीही तिथं गेला. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मध्ये नवाबापुरती जागा होती.

७

आठवड्यानं मंडळाची शोकसभा आश्रमातच भरली. रावसाहेब पाऊण तास बोलले. मृत्यूचं कारण या रकान्यात काय लिहावं यावर सभासदांत चर्चा झाली. "अज्ञान" ही सूचना आली, "वार्धक्य" ही आली, "भक्ती" ही एकानं भीत भीत मांडली आणि मागे घेतली. मी रकाना अजून मोकळा ठेवला आहे.

ठराव तीन झाले. एक: मुक्तानंदाच्या निधनानं मंडळाची न भरून येणारी हानी झाली आहे. दोन: आवारात यापुढे कोणतंही वाद्य वाजू नये. तीन: काजूखाली जांभ्या दगडाचा चौथरा बांधून त्यावर रावसाहेबांचं उद्घाटनाचं वाक्य कोरावं. सत्ययुगासकट.

मग रावसाहेबांनी खाकरून, सगळी सभा ऐकेल अशा आवाजात विचारलं, "रावजी, या दुःखाच्या प्रसंगी मंडळाकडे तुझं काही मागणं असेल तर मोकळेपणानं सांग."

तो नोकरी सोडणार असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मी तर राजीनाम्याचा कागदही आणला होता. रावजी पुढे आला तो रावसाहेबांकडे गेलाच नाही. माझ्या खुर्चीशी येऊन वाकला आणि कानात बोलला.

"भाऊसाहेब, जनीला तुमी जरा सांगा. माझ्याच्यान सांगवत नाय. ती अजून रोज चार भाकऱ्या जास्त भाजते नि द्रोणात ठेवून येते. चार कमी थाप म्हणावं. बकरीचं पोट बिघडलंय."